वालाच्या दाण्याएवढी गाठ

आधी बसा. खुर्ची नको. जमिनीवर चटई अंथरा, भिंतीला पाठ टेकवा, पाय लांब सोडा. गुडघ्यांना ताण येत असेल तर खाली गोधडीची घडी सरकवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या. हाताशी एक टेनिसचा चेंडू असू द्या, पोरं गल्लीत क्रिकेट खेळतात तसला. जुना, लव गेलेला असला तर उलट बरा. तो लगेच लागणार नाही. मांडीशेजारी पडून राहू दे.

आता काही करू नका. कुठे दुखतंय ते शोधायला निघू नका. भिंत पाठीला कुठे लागते आणि कुठे लागत नाही, एवढंच बघा. दोन्ही खांदे सारखे टेकलेत का? बहुतेकांचा एक खांदा कानाकडे चढून बसलेला असतो. तुमचा चढलेला असेल तर त्याला खाली ओढू नका. तो तिथे आहे हे कळलं, तेवढं पुरे. श्वास जसा चाललाय तसा चालू दे.

मी हे अष्टमीत बसून लिहिते आहे. या काठाला अष्टमी, समोर रोहा, मध्ये कुंडलिका. नगरपालिकेच्या पाटीवर दोघांची नावं जोडीने. सकाळी पुलावरून जाणारी माणसं बघत बसायची मला सवय आहे. चालीवरून कळतं कुणाचं काय धरलंय. धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून येणारा मान वळवत नाही, अख्खं धड वळवून मागची गाडी बघतो. दिवा जंक्शनची गाडी गाठायला निघालेल्या मुलीची पिशवी रोज त्याच खांद्यावर. आणि लावणी उरकत आली, की बायका बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, बोटं पुढे, अंगठे मागे. त्या अंगठ्यांकडे माझं लक्ष जातं. त्यांना कुणी शरीरशास्त्र शिकवलेलं नसतं. तरी ते बरोबर जागा शोधतात आणि तिथे रुतून बसतात.

तुमचं दुखणं कुठलं? नावाने सांगा, मनातल्या मनात. आपल्या भाषेने इथे हात आखडता घेतलेला नाही. चमक निघते, कळ येते, उसण भरते, लचक भरते, पेटका येतो, मान अवघडते, पाठ धरते, अंग मोडून येतं, हाताला रग लागते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चमक येते आणि जाते. रग मुक्कामाला येते. आज आपण बसलोय ते रगेसाठी, त्या खोल, मंद दुखण्यासाठी, जे विचारलं तर माणूस बोट दाखवत नाही, सगळा तळवा फिरवतो आणि म्हणतो, हे असं इथून इथपर्यंत. मुंग्या येत असतील, एखादा भाग बधिर असेल, हातातून भांडं निसटत असेल, चालताना पाऊल लुळं पडत असेल, तर ती नस बोलते आहे. तिचं ऐकायला डॉक्टरच हवा, चेंडू नव्हे.

नाव सापडलं? मग ते तसंच धरून ठेवा आणि एक अवघड गोष्ट ऐका. तुम्हाला जिथे दुखतंय, दुखण्याचं मूळ तिथे असेलच असं नाही.

हे मला कुंडलिकेने समजावलं. वैशाखात आजूबाजूचे ओढे दगड उघडे टाकून पडलेले असतात, आणि कोलाडजवळ ही नदी सकाळी भरून, फेसाळत वाहते. मुंबई-पुण्याची माणसं तिथे राफ्टिंगला येतात. पाऊस नाही, मग पाणी कुठलं? ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं असतं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. भिऱ्याला पाणी येतं डोंगराच्या पलीकडून, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या धरणातून. बोगद्यातून, मग नळांतून, सुमारे ५०० मीटर खाली कोसळत. मुळा नदीचं पाणी ते, पूर्वेला जायला निघालेलं. त्या धरणात गावं गेली. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह उभा केला, सेनापती बापटांनी त्यात वर्षांमागून वर्षं तुरुंगवास पत्करला. जे घडलं ते घाटावर घडलं, आणि त्याचं पाणी वाहतं आमच्या खोऱ्यात. काठावर उभं राहून कुणाला वाटलं, हे पाणी इथलंच, तर त्याचं काय चुकलं? डोळ्यांना तसंच दिसतं.

स्नायूही असंच फसवतो. लंडनमध्ये जे. एच. केलग्रेन या तरुण डॉक्टरने १९३८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी माणसांच्या स्नायूंत तो खारट पाण्याचं तीव्र द्रावण थोडंसं टोचायचा आणि विचारायचा, कुठे दुखतंय? सुई एका जागी असे आणि माणूस दुसरीच जागा दाखवी. नितंबाच्या स्नायूत टोचलं, तर दुखणं मांडीच्या मागे उतरे. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा दुखण्यांचे नकाशेच तयार केले. कुठल्या स्नायूतली गाठ कुठे दुखवते, हे त्यांनी रुग्णांना तपासत, दाबत, विचारत वर्षानुवर्षं टिपलं, आणि डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर १९८३ मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ काढला. दुसरा खंड १९९२ मध्ये आला. अशा जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. चाप हाताशी असतो, गोळी लांब लागते.

ट्रॅव्हेलबाईंकडे १९५५ मध्ये एक तरुण सेनेटर पाठदुखी घेऊन आले होते, जॉन केनेडी. १९६१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा बाई त्यांच्या डॉक्टर म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. केनेडींची झुलती खुर्ची जगभर फोटोंतून गेली, तीही बाईंनीच सुचवलेली. झुलत राहिलं की एकाच स्नायूला सतत ताठ राहावं लागत नाही. आपल्या ओटीवरचा झोपाळा हेच काम करतो, न सांगता.

तुमच्या भिंतीकडे परत या. खांदे पुन्हा बघा. मघाचा चढलेला थोडा उतरला असेल. नसेलही.

माझा उजवा खांदा एका पावसाळ्यात पुढून दुखू लागला. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना, उजव्या कुशीवर वळताना. तीन महिने मी पुढेच तेल चोळत होते, पुढेच शेकत होते. मग शेजारच्या काकींनी एका दुपारी मला पाटावर बसवलं आणि पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर, त्या त्रिकोणी हाडाच्या मधोमध, अंगठा टेकवला. कळ उठली ती पुढे, खांद्याच्या खोबणीत. नवी कळ नव्हती. तीच, तीन महिन्यांची, ओळखीची. मी म्हटलं, काकी, हीच ती. त्या म्हणाल्या, मग हलू नको.

"हीच ती" हे दोन शब्द या सगळ्या विद्येचा गाभा आहेत असं मी मानते. दाबल्यावर तर कुठेही दुखेल. पण दाबल्यावर तुमचं नेहमीचं दुखणं दुरून ओ देतं का, हे बघायचं असतं. 

गाठ म्हटल्यावर माणूस दचकतो, म्हणून सांगते: ही मांसात वाढलेली गाठ नव्हे. स्नायूच्या तंतूंचा एक पट्टा सुतळीसारखा ताणलेला लागतो आणि त्यात एका जागी वालाच्या दाण्याएवढा घट्टपणा लागतो. जी गाठ दिवसागणिक मोठी होते, किंवा दगडासारखी घट्ट असून बोटाखाली जागची हलत नाही, ती दाबत बसायची नाही, दाखवून घ्यायची.

हा घट्टपणा कशाने येतो? स्नायूला आखडायला शक्ती लागते हे आपण जाणतो. सुटायलाही शक्ती लागते, हे कुणी सांगितलेलं नसतं. नसेचा इशारा आला की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, बारीक तंतू एकमेकांत सरकतात आणि धरून बसतात. ती पकड सोडवायला आणि कॅल्शियम परत जागेवर न्यायला एटीपी नावाचं इंधन जाळावं लागतं. माणूस गेल्यावर शरीर ताठ होतं ते याचसाठी. इंधन संपलं, पकड सुटेना. ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांची मांडणी अशी, की या गाठीतही एवढ्याशा जागेत तसंच काही होतं. तंतू इतके आवळतात की आतल्या केशवाहिन्या चिमटतात, रक्त पोहोचत नाही, रक्त नाही म्हणून प्राणवायू नाही, म्हणून इंधन नाही, म्हणून सुटणं नाही.

इथे जरा थांबा. डोळे मिटायचे तर मिटा. तुमच्या पाठीतला तो आडमुठा भाग आठवा, ज्याला तुम्ही इतके दिवस वैतागून चोळलंत, मुठीने बुकललंत. तो हट्टाने आखडलेला नाही. सोडून द्यायला लागतं ते बळ त्याच्यापाशी उरलेलं नाही. त्याच्याशी आजवर जे बोललात त्याहून वेगळं काही मनात येतं का, बघा.

ही मांडणी सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अतिबारीक सुईने अशा जागेतला द्रव काढून तपासला, तेव्हा तो अधिक आम्ल आणि दुखवणाऱ्या रसायनांनी भरलेला सापडला. उलट २०१५ मध्ये क्विंटनर, कोहेन आणि बोव्ह यांनी ही सारी कल्पनाच तपासाला टिकत नाही असं ठामपणे लिहिलं. दोन तज्ज्ञांनी एकाच पाठीवर बोटं फिरवली तर दोघांना त्याच जागा सापडतात असं नाही, हा आक्षेप तर खरोखर वजनाचा आहे. या वादामुळे मला बोट मागे घ्यावंसं वाटत नाही. हलकं ठेवावंसं मात्र वाटतं.

आणि हलकं ठेवण्याला आणखी एक कारण. मराठीत वर्मावर बोट ठेवणं म्हणजे माणसाला लागेल असं बोलणं. वर्म हा मर्माचाच अवतार. सुश्रुताने शरीरात १०७ मर्मं सांगितली, त्यांतली ११ मांसातली. हल्ली मर्म आणि ट्रिगर पॉइंट एकच, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. सुश्रुत शस्त्र चालवणाऱ्याला बजावत होता, की या जागा सांभाळ, इथे घाव बसला तर माणूस जाईल किंवा लुळा होईल. ती जपायच्या जागांची यादी होती, दाबायच्या नव्हे. पण भाषेतलं ते बोट मी विसरत नाही. बोट वर्मावरच ठेवायचं आहे, फक्त लागू न देता.

किती दाबायचं हे शिकायचं असेल तर वाल सोलून बघा. आमच्याकडे भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतात. बिरड्यासाठी ते रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात सोडायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात दाणा धरायचा आणि कडेला जरासा दाब द्यायचा. साल सुटते, दाणा आपणहून उडी मारून बाहेर येतो. घाई केली तर दाणा दुभंगतो. नीट भिजलेलाच नसेल तर नखाने कोरत बसावं लागतं आणि नखं दुखतात. माझी आजी म्हणायची, सोलू नको गं, सुटू दे.

तर आधी भिजवणं. गरम पाण्याची पिशवी, किंवा जाडं मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधलेली पुरचुंडी, हाताला सोसेल एवढीच गरम, दहा मिनिटं. ज्या खांद्यासाठी बसला आहात त्याच्या फऱ्यावर ठेवा. मध्ये उठू नका. ऊब कातडीवरून आत जायला वेळ घेते.

आता चेंडू. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा, फऱ्याच्या हाडावर. मणक्यावर नको. अंगाचा भार हळूहळू भिंतीकडे जाऊ द्या. दाबायचं नाही, रेलायचं. मग अंग बोटभर इकडे, अर्ध्या बोटभर तिकडे. चेंडू फिरेल. बहुतेक जागा काही बोलणार नाहीत. काही नुसत्या दुखतील. त्या सोडा. एखाद्या जागी दुखणं दुसरीकडे उमटेल, खांद्यात पुढे, दंडात, कधी मनगटाकडे, आणि तुम्हाला वाटेल, हीच ती.

थांबा. हलू नका.

दहा म्हणजे असह्य धरलं तर हे दुखणं पाच-सहाच्या पलीकडे नको. मोजायला सोपी खूण आहे: दात एकमेकांवर रोवले गेले, कपाळाला आठी पडली, श्वास अडकला, तर भार जास्त झाला. कमी करा. चेहरा शांत ठेवून जेवढं सोसवतं तेवढंच. मग श्वास मोजा. आठ, दहा. साधारण मिनिटभर. जोर वाढवायची इच्छा होईल, ती येईल आणि जाईल. सहाव्या-सातव्या श्वासाला बघा, भार तेवढाच असून दुखणं ओसरतंय का. चेंडूखालची जागा किंचित आत जाते, लोण्यात चमचा बुडावा तशी नव्हे, भिजलेल्या वालाची साल सैल व्हावी तेवढीच. नाही ओसरलं तर आज सोडून द्या. उद्या आहे.

आता हळूच भिंतीपासून सुटा. तो हात एकदा पुढे, एकदा वर, एकदा मागे न्या. सावकाश, पूर्ण, तीन वेळा. सुटलेल्या स्नायूला आपली पूर्ण लांबी वापरून दाखवायची असते. हे न करताच लोक उठतात, आणि संध्याकाळी म्हणतात, पुन्हा धरलं.

मानेसाठी चेंडू नको. मान आणि खांदा यांच्या मधला जाड पदर विरुद्ध हाताच्या चिमटीत घ्या, वाल धरता तसा. तिथली गाठ कानामागून कानशिलापर्यंत दुखणं पाठवते. कित्येकांची डोकेदुखी तिथे राहते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते, तिथे मात्र बोट नेऊ नका. पोटरीच्या खोल स्नायूतली गाठ टाचेत दुखवते, कुल्ल्यावरची पायभर उतरून सायटिकेचं सोंग घेते. पण एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, तर ती दाबू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, ताप असेल, मधुमेहाने पायाची जाणीव गेली असेल, तरी आधी विचारा. पाठदुखीबरोबर लघवीचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आणि छातीत दाटून डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर हा लेख बाजूला टाका आणि आत्ता निघा. दुरून ओ देणारं दुखणं हृदयाचंही असतं.

उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायची आपल्याकडे रीत. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात. जन्माच्या रीतीत औषध असेल असं मला वाटत नाही. पण धरलेली पाठ, तिच्यावर टाचेचा दाब, आणि आता बरं वाटणार या भरवशाने सैल झालेलं अंग, या तिन्हींत काहीच नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुपारी पालथे पडून नातवंडाला पाठीवर चालायला लावणारे आजोबा घरोघर होते. ते पोर चुकून बरोबर जागी पाय द्यायचं आणि आजोबा म्हणायचे, थांब, तिथेच.

अंगठा कितीही चांगला असला, तरी गाठ परत येते ती का, हे विचारल्याशिवाय बसणं पुरं होत नाही. लावणीत बाई कित्येक तास वाकलेली असते, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने एकेक चूड चिखलात रोवत. ओझं काहीच नाही. उचलायला चार रोपं. पण कंबर तेवढा वेळ एकाच जागी ताठ धरलेली. पेणच्या कार्यशाळांत गणपतीचे डोळे आखणारा हातही तसाच. कुंचल्याला वजन किती असणार? ओझ्याने नव्हे, न सोडता धरून ठेवल्याने स्नायू थकतो. तुमच्या दिवसात तुम्ही काय न सोडता धरून ठेवता? खांदा आणि कान यांच्यात दाबलेला फोन असेल, स्कूटरचं हँडल असेल, माऊस असेल. उत्तर आत्ता नाही आलं तरी चालेल. उद्या पिशवी खांद्याला लावताना येईल.

दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस बंदुकांची सलामी देतात, गर्दी मावत नाही. मी लहानपणापासून भोयांकडे बघत आले. ते चालता चालता खांदा बदलतात. एक जण आत शिरतो, दुसरा अलगद बाहेर पडतो, दांडा इंचभर खाली येत नाही. बाहेर पडलेला दोन पावलं मोकळा चालतो, मान फिरवतो, आणि पुन्हा दुसऱ्या बाजूने आत शिरतो.

चेंडू आता घरंगळू द्या. पाठ भिंतीला पुन्हा एकदा टेकवा, सुरुवातीला टेकवली होती तशी. भिंत कुठे लागते? मघाशी जी जागा लागत नव्हती ती लागते का? उजवा हात वर न्या, फडताळातला वरचा डबा काढायला नेता तसा. कुठवर गेला ते बघा. मग डावा. मग सावकाश उठा, तांब्याभर पाणी प्या, आणि वाल भिजत घातले असतील तर त्यांचं पाणी बदला.